नजर कमी होत जाताना: नोकरी सोडण्याआधी काय काय करायचं

पस्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी मला सांगितलं, "तुम्हाला आरपी आहे." तेव्हा मी सातारा जिल्ह्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत कॅश काउंटरवर होते. डोळ्याच्या पडद्याचा आजार, औषध नाही, वर्षातून एकदा दाखवायला या, एवढंच ऐकून बाहेर पडले आणि त्याच रात्री राजीनामा लिहिला. दुसऱ्या दिवशी युनियनमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला. म्हणाले, "ताई, आधी नियम वाचू. हा कागद कुठे पळून जात नाही."

त्यानंतर मी चौदा वर्षं नोकरी केली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी पेन्शनसह स्वेच्छानिवृत्ती घेतली. ज्यांना हे निदान आत्ता कळलं आहे त्यांनी माझ्यासारखं शेवटच्या पानापासून सुरू करू नये, म्हणून हे लिहिते आहे. तुमचा आजार काचबिंदू असेल, मधुमेहामुळे पडदा खराब झाला असेल, तर डॉक्टरी भाग वेगळा असेल. पुढचं बरंचसं तेच आहे.

आधी नाव आणि मापं

आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. हा जनुकांतून येणारा आजार जगात साधारण चार हजारांत एकाला असतो. पडद्यावरच्या अंधारात बघणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणानं होते. मग कडेची नजर आक्रसत जाते आणि नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरतं. त्यामुळे पेपरातली बारीक अक्षरं वाचणारा माणूस समोरच्या स्टुलावर आपटतो. बघणाऱ्यांना हे नाटक वाटतं. माझ्या सासूबाईंनाही सुरुवातीला तसं वाटलं होतं. त्यांचा दोष नाही, कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

म्हणून दोन तपासण्यांचे कागद दरवर्षी तारखेसह जपून ठेवा: चार्ट वाचून केलेली नजरेची तपासणी आणि फील्ड टेस्ट. पहिलीत समोरचं किती स्पष्ट दिसतं ते कळतं, दुसरीत किती रुंद दिसतं ते. आरपीत दुसरी जास्त महत्त्वाची आणि सरकारी कामात नेमकी तीच मागे पडते. त्याबद्दल पुढे सांगते.

आरपी बरा होत नाही, पण त्याच्यासोबत येणाऱ्या दोन गोष्टींवर उपचार आहेत: मोतीबिंदू आणि पडद्याच्या मध्यभागी येणारी सूज. त्यामुळे नजर अचानक धूसर झाली तर "आजार वाढला असेल" म्हणून घरी बसू नका. एकदा कानांचीही तपासणी करून घ्या. अशर सिंड्रोममध्ये डोळे आणि कान दोन्ही जातात आणि ऐकू कमी येतंय हे घरच्यांच्याही लक्षात उशिरा येतं.

जनुक तपासणी जमली तर करावी. या आजाराशी संबंधित ऐंशीहून जास्त जनुकं सापडली आहेत. त्यांतल्या आरपीई६५ या एकाच जनुकासाठीच्या उपचाराला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आपलं जनुक कोणतं हे माहीत असेल तर उद्या काही निघालं तर ते आपल्यासाठी आहे की नाही ते कळेल. माझ्या आईवडिलांचं लग्न नात्यातलं, आत्याच्या घरातलं. आपल्याकडे अशी लग्नं पुष्कळ होतात आणि आजार दोन्हीकडून आला तर मुलांत दिसतो. यात कुणाला दोष द्यायचा नाही. भावंडांनी मात्र तपासून घ्यावं.

मूळपेशींचं इंजेक्शन, डोळ्यात घालायचं तेल, एकवीस दिवसांचा कोर्स हे सगळं तुमच्यापर्यंत येईल, बहुतेक तुमच्यावर माया करणाऱ्या माणसांकडूनच. आमचे अशा एका ठिकाणी सत्तर हजार गेले. एक खूण लक्षात ठेवा: खऱ्या संशोधनात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

गाडी

कडेची नजर कमी झाली असं कागदावर आलं की दुचाकी-चारचाकी त्या दिवशी बंद. दिवसा चालवेन, ओळखीच्या रस्त्यावर चालवेन, असं काही नाही. आडव्या गल्लीतून येणारं पोर तुम्हाला दिसणारच नाही. एवढंच.

प्रमाणपत्र

म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र. पुष्कळ जण इथे अडतात. "मी काही आंधळी नाही," असं मीही सहा वर्षं म्हणत राहिले. तोवर काउंटरवर दोनदा कॅश कमी आली आणि ती मी गुपचूप पदरची भरली. आज वाटतं, ती सहा वर्षं वाया घालवली.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल (इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते तीन मीटरवरूनही दिसत नसेल) तर अंधत्व, आणि नजरेचा कोन १० अंशांपेक्षा कमी असेल तरीही अंधत्व. ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी. म्हणजे चार्टवरची खालची ओळ वाचणारा आरपीचा रुग्णही कायद्यानं अंध असू शकतो. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर गर्दी असते, घाईत चार्ट वाचून घेतात आणि "बरं दिसतंय की" म्हणून दिव्यांगत्वाचे टक्के कमी लिहिले जातात. फील्ड टेस्टचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि तो बघायला तोंडानं सांगा. माझ्या वेळी पहिल्या फेरीत टक्के कमी आले होते. फील्डचा कागद घेऊन पुन्हा अर्ज केला तेव्हा दुरुस्त झाले.

अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर करायचा, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात. त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. आजार वाढत जाणारा असल्यामुळे नजर उतरली की पुन्हा तपासणीचा अर्ज करता येतो.

या कार्डावर महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ होतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही, म्हणून दोन्हीकडचा हिशोब मांडून बघा. एसटीला सवलत आहे. रेल्वेची सवलत मात्र पूर्ण अंध व्यक्तींसाठी आहे, ती गृहीत धरून तिकीट काढू नका.

ऑफिसात सांगणं

प्रमाणपत्र हातात आल्यावर सांगा, आणि लेखी सांगा. त्या २०१६ च्या कायद्याचं कलम २०, पोटकलम ४ पाठ करून ठेवा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही आणता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास त्यासाठी तयार केलेल्या जादा, पदावर ठेवायचं. सरकारी बँका, महामंडळं, जिल्हा परिषदा, अनुदानित शाळा यात येतात. "मेडिकल ग्राउंडवर तुम्हीच सोडून द्या," असं कुणी आपुलकीनं सुचवलं तरी लगेच मान डोलवू नका.

खासगी नोकरीत इतकं पक्कं संरक्षण नाही. भेदभाव न करण्याचं आणि समान संधीचं धोरण ठेवण्याचं बंधन आहे, पण पुष्कळसं कंपनीच्या समजूतदारपणावर चालतं. तिथे आधी आपल्या कामाची यादी करा, त्यातलं काय नजरेशिवाय होऊ शकतं ते लिहा आणि तो कागद घेऊन बोलायला जा.

मी मागितलं ते असं: कॅशऐवजी कर्ज विभाग, मोठा मॉनिटर, खिडकीकडे पाठ येईल अशी जागा, संगणकावर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि हिवाळ्यात दिवेलागणीच्या आत निघायची मुभा. प्रत्येक पत्राची पोच घेतली. दोन मागण्या लगेच मिळाल्या, दोनसाठी वर्ष गेलं, हिवाळ्याची मुभा साहेब बदलेल तशी मिळत-जात राहिली. दाद लागली नाही तर ऑफिसातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं. पुढे राज्याच्या आस्थापनांसाठी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, केंद्राच्या आस्थापनांसाठी दिल्लीत मुख्य आयुक्त.

दिसतंय तोवर शिकून घ्यायचं

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या. काठी, बोलणारा फोन, बोलणारा संगणक हे नजर गेल्यावर शिकायचं असतं असा समज आहे. उलट आहे. थोडं दिसत असताना शिकलं की भीती नसते, चूक झाली तर बघून सुधारता येते. आणि नोकरी सोडायची की नाही हा विचार शिकल्यानंतरच खऱ्या अर्थानं करता येतो. न शिकता सोडलेली नोकरी म्हणजे घाबरून सोडलेली नोकरी.

फोनपासून सुरुवात करा. वाचून दाखवणारी सोय फोनमध्येच असते: अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. टॉकबॅक सुरू केला की फोन वेड्यासारखा वागतोय असं वाटतं, कारण बोटाची सगळी सवय बदलते: एकदा स्पर्श केला की नाव ऐकू येतं, दोनदा टकटक केलं की उघडतं. रोज अर्धा तास, फोनच्या पडद्याकडे न बघता, नुसते फोन लावणे आणि घेणे. मला तीन आठवडे लागले. आवाज मराठी ठेवला तर मराठी मेसेज नीट वाचले जातात. पत्र, बिल, औषधाचं पाकीट वाचायला लुकआउट आणि सीइंग एआय ही ॲप फुकट आहेत. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप १ जानेवारी २०२० ला आलं, ते इंटरनेटशिवाय चालतं. तरी मी बोटांवर जास्त विसंबते, वीस वर्षं नोटा मोजलेली बोटं आहेत. नवीन नोटा किंमत वाढेल तशा लांब होत जातात. शंभराच्या नोटेच्या दोन्ही कडांना चार उठावाच्या तिरक्या रेघा असतात, दोनशेच्या नोटेला चार रेघांमध्ये दोन गोल आणि पाचशेच्या नोटेला पाच रेघा. नोटा जुन्या झाल्या की उठाव झिजतो, म्हणून पाकिटात प्रत्येक नोटेची घडी वेगळी ठेवा.

संगणकासाठी एनव्हीडीए हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते सुरू केलं. फुकट आहे आणि मराठीही वाचतं. माऊस बाजूला ठेवून सगळं कीबोर्डवरून करायची सवय लागली की ऑफिसातलं निम्मं काम परत हातात येतं. शिकायला मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, १९५२ पासून काम करणारी नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ही संस्था आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. वाचनाची आवड असेल तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा.

काठीबद्दल सगळ्यात जास्त लाज वाटते, हे मला माहीत आहे. मी पहिली पांढरी काठी घडी करून पर्समध्ये चार महिने नुसती वागवली. मग पोवई नाक्यावर संध्याकाळी एका माणसाला धडकले, तो बोलायचं ते बोलला आणि मी तिथेच काठी काढली. त्यानंतर लोक बाजूला व्हायला लागले. काठी जशी मला वाट सांगते, तशी ती समोरच्यालाही माझ्याबद्दल सांगते. उभं राहिल्यावर काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे, डावा पडतो तेव्हा उजवीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासलेली असते. हे वाचून जमत नाही. शिकवणाऱ्याकडे काही आठवडे जा, आणि त्यातले काही दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून चाला.

घर

अर्धं उघडं दार सगळ्यात वाईट. घरात दार एकतर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, हा नियम लहान मुलांनाही पाळायला लावा. चपला उंबऱ्यात नाहीत, स्टूल मधे नाही, बादली वाटेत नाही. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी. तिखट-हळदीच्या एकसारख्या डब्यांपैकी एकाला रबरबँड, एकाला दोन. पांढरा भात पांढऱ्या ताटलीत दिसत नाही, गडद ताट घ्या. चहा कपात ओतताना बोट कडेवर ठेवण्यापेक्षा कप उचलून वजनावर अंदाज घेणं सुरक्षित.

आपली पान वाढायची पद्धत इथे फार उपयोगी पडते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मधे भात. आमच्याकडे आता रोजही असंच वाढतात, म्हणून मला ताटात काय कुठे आहे ते विचारावं लागत नाही.

घरच्यांना दोन गोष्टी सांगा. हात धरून ओढायचं नाही. आपण त्यांचा दंड कोपराच्या वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. आणि "ते बघ तिथे" म्हणायचं नाही, "तुझ्या उजव्या हाताला, टेबलाच्या कडेशी" असं म्हणायचं.

मन

डोळ्यांसमोर चमक, ठिपके, झगमग दिसते, ती आरपीत फार जणांना असते. काहींना नजर बरीच गेल्यावर जाळी, फुलं, माणसंही दिसतात. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. मेंदूला डोळ्यांकडून चित्र मिळेनासं झालं की तो स्वतःच चित्रं भरतो. हे वेड नाही, कुणाची बाधाही नाही. पण डॉक्टरांना सांगा, आणि घरच्यांनाही.

दुःख मात्र एकदाच होऊन संपत नाही. वाचन सुटलं तेव्हा झालं, सुई ओवता येईना तेव्हा झालं, मुलाचा चेहरा एका नजरेत मावेना तेव्हा सगळ्यात जास्त झालं. झोप उडाली, जेवण तुटलं तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मी गेले होते.

निवृत्तीचा कागद

आता तो राजीनामा. सरकारी आणि बँकांच्या पेन्शन नियमांत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. राजीनामा दिला की मागची सेवा पेन्शनसाठी बुडते. स्वेच्छानिवृत्तीला साधारण २० वर्षांची पात्र (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस लागते, आणि पेन्शन चालू होते. मी पस्तिसाव्या वर्षी तो कागद दिला असता तर बारा वर्षांची सेवा पाण्यात गेली असती. पत्रात "राजीनामा" हा शब्द चुकूनही लिहू नका. कोणत्या नियमाखाली अर्ज करता त्याचा उल्लेख करा. सेवापुस्तक आधी तपासून घ्या, बिनपगारी रजा पात्र सेवेतून वजा होऊ शकते. वीस वर्षं झाली नसतील आणि काम अशक्यच असेल तर वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर रुग्णता निवृत्तिवेतनाची वाट आहे, पण ती पर्यायी काम मागून झाल्यानंतरची. राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना आणि बँकांत १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू नव्हती, त्यांनी आपलं गणित आस्थापना विभागात बसून समजून घ्यावं.

खासगी नोकरीत भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी, ५० नंतर लवकर घेता येते पण प्रत्येक वर्षाला ४ टक्के कमी होते. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व नोकरीत असताना आलं तर दहा वर्षांची अट नाही, पण ते वैद्यकीय मंडळानं मान्य करावं लागतं. अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अटही लागत नाही. हे एचआरला आपण होऊन सांगावं लागतं.

निवृत्तीआधी सहा महिने येणाऱ्या पेन्शनएवढ्याच रकमेत घर चालवून बघा, उरलेला पगार वेगळ्या खात्यात टाका. आम्ही तसं केलं. तिसऱ्याच महिन्यात कळलं की रिक्षाचा खर्च आम्ही धरलाच नव्हता. ऑफिसचा आरोग्य विमा शेवटच्या दिवसानंतर कसा चालू राहतो ते विचारा. खासगीत तो बहुधा संपतो, म्हणून त्याआधीच वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायची चौकशी करा.

बँकेत नमुना सही नवी द्या. हात तोच असला तरी न बघता केलेली सही हळूहळू बदलते आणि चेक परत येतात. पुठ्ठ्याला सहीएवढी खाच पाडून ती चेकवर ठेवली की ओळ सुटत नाही. दिसत नाही म्हणून चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच तसं कळवलं आहे. कुणी नातेवाइकांनाच जोड खातेदार करा म्हणून अडून बसलं तर तो नियम दाखवा.

आणि मग तारीख ठरवा. मी ठरवली तेव्हा काम जमत होतं. पण आठ तास संगणकाचा पडदा ऐकून डोकं ठणकायचं, शाखा बदलल्यामुळे दोन बस बदलाव्या लागत होत्या आणि मुलाचं शिक्षण संपलं होतं. कुणाचं काम पंचावन्नपर्यंत छान चालेल, त्यांनी खुशाल करावं.

निवृत्तीनंतरचा पहिला नोव्हेंबर लक्षात ठेवा, हयातीचा दाखला द्यायचा असतो. मोबाइलवर चेहरा दाखवून देण्याच्या पद्धतीत चेहरा गोलात धरून पापण्यांची उघडझाप करावी लागते. पडदा दिसत नसताना ते जमेलच असं नाही. सोबत कुणी असेल तर त्याला फोन धरायला सांगा, नाहीतर शाखेत जाऊन बोटाच्या ठशानं द्या. सकाळी जा. गर्दी कमी असते आणि उजेड चांगला असतो.